हट्टी मोटरसायकल
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



शाळेच्या हीरक महोत्सवात मोटरसायकलीला किक मारण्यावर व्याख्यान ठेवलेले पाहून काही भुवया उंचावल्या असतील, तर ते स्वाभाविक आहे. अशा प्रसंगी संतवाङ्मय, लोकमान्य किंवा गेला बाजार नर्मदेचा महिमा तरी अपेक्षित असतो. परंतु जबलपूर हे जसे नर्मदेचे आणि संगमरवराचे शहर आहे, तसेच ते कारखान्यांचेही शहर आहे. १९०४ साली येथे गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला आणि १९६९ साली व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली. शक्तिमान मालमोटारी आणि जोंगा गाड्या या शहरात तयार होऊन सैन्यात गेल्या. येथील कितीतरी मराठी घरांचा दिवस पंचांगावर कमी आणि कारखान्याच्या भोंग्यावर अधिक चालत असे. शाळेत येणाऱ्या मुलांच्या डब्याआधी वडिलांचा डबा भरला जाई.

आणि याच शहरात, जेथे दिवसभर सैन्यासाठी गाड्या जोडल्या जात, तेथे सकाळी साडेसहाला अंगणातली स्वतःची गाडी चालू होत नसे. हे दृश्य येथे बसलेल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाने पाहिले आहे. गृहस्थ कामाचे कपडे करून तयार, डबा हँडलला अडकवलेला, थंडीचे धुके अजून रस्त्यावरून उठलेले नाही. पहिली किक, दुसरी किक, पाचवी किक. मफलर निघतो. दहाव्या किकेला स्वेटर निघतो. शेजारचे काका दात घासता घासता कुंपणापाशी येऊन सांगतात, "चोक द्या." समोरचे काका सांगतात, "चोक काढा." धाकटा मुलगा मागून ढकलण्याच्या तयारीत उभा असतो. गृहिणी दारातून पाहत असते आणि काही बोलत नाही. तिने काही बोलावे अशी अपेक्षाही नसते. भोंगा वाजतो. त्यानंतर गाडीला जी विशेषणे बहाल केली जातात त्यांतील सर्वांत सौम्य म्हणजे 'हट्टी'.

या एका शब्दाची उलटतपासणी करणे हाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

हट्ट करण्यासाठी मन लागते. मोटरसायकलीला मन नाही. तिच्या तीन गरजा मात्र आहेत: पेट्रोल आणि हवा यांचे योग्य मिश्रण, ते पुरेसे दाबले जाणे, आणि योग्य क्षणी पडणारी ठिणगी. या तीन गोष्टी एकत्र आल्या तर ती चालू न होण्याचे स्वातंत्र्य तिला नाही, आणि तिन्हींपैकी एक जरी कमी असेल तर शंभर किका मारून चालू होण्याचेही नाही. तेव्हा अंगणातल्या त्या दृश्यात हट्ट कोण करत होते, हे उघड आहे.

प्रारंभी मोटरसायकलींना किक नव्हतीच. कुणाला सायकलसारखी पायडल मारून वेग द्यावा लागे, कुणाला गाडीबरोबर धावून ती पेटली की तिच्यावर उडी मारावी लागे. इंग्लंडमध्ये आल्फ्रेड स्कॉट यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस आपल्या मोटरसायकलीला पायाने दाबायची किक बसवली, तेव्हा ती मोठी सोय मानली गेली. मोटारींचा छळ निराळाच होता. पुढे उभे राहून लोखंडी दांडा फिरवावा लागे आणि तो उलटा फिरला तर मनगट मोडे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांच्या विद्युत-स्टार्टरने १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत हा दांडा हद्दपार केला. मोटरसायकलीवरची किक मात्र त्यानंतरही कित्येक दशके टिकली, आणि भारतात तर ती पिढ्यानुपिढ्यांची सोबतीण झाली.

ती सोबत सर्वांत दाटून आली ती बुलेटच्या रूपाने. इंग्लंडच्या रॉयल एनफील्डची ही मोटरसायकल १९५५ पासून मद्रासेत बनू लागली. पुढे इंग्लंडमधला मूळ कारखाना बंद पडला, मद्रासची बुलेट मात्र चालूच राहिली. सैन्याने तिला आपलेसे केले आणि सैन्याचा वावर असलेल्या जबलपुरात ती रस्तोरस्ती दिसली. तिच्या इंजिनाचे माप शाळेतल्या गणिताच्या तासालाही उपयोगी पडावे असे आहे. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. त्रिज्या साडेतीन सेंटीमीटर, तिचा वर्ग १२.२५. पाय म्हणून शाळेतले बावीस सप्तमांश घेतले, तर क्षेत्रफळ बरोबर ३८.५ चौरस सेंटीमीटर येते. त्याला ९ ने गुणले की ३४६.५. गाडीच्या कागदावर ३४६ घनसेंटीमीटर लिहिलेले असते. अर्ध्या घनसेंटीमीटरचा फरक हा थोडा बावीस सप्तमांशांचा आणि बाकीचा अपूर्णांक सोडून दिल्याचा, मद्रासच्या कारखान्याचा नव्हे.

हेच ३८.५ चौरस सेंटीमीटर किक मारणाऱ्याच्या पायाशी भांडतात. दट्ट्या वर येताना मिश्रण सुमारे सातव्या हिश्श्यापर्यंत दाबले जाते. तेथील दाब दर चौरस सेंटीमीटरला केवळ सहा किलो धरला, तरी दट्ट्यावरचा एकूण भार २३१ किलो होतो. दातेरी चाके आणि किकेची लांबी यांमुळे तो सगळा पायावर येत नाही हे खरे, पण जो येतो तो साठ-सत्तर किलोच्या माणसाला किकेवर अधांतरी उभा ठेवण्यास पुरेसा असतो. बुलेटच्या किकेवर दोन्ही पायांनी उभा राहिलेला, खालीही जात नाही आणि वरही येत नाही असा तरुण ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे गणित पुन्हा सांगण्याची आवश्यकता नाही.

येथेच पहिला गैरसमज जन्मतो, की बुलेटला ताकद लागते. पहिलवान येतो, दात-ओठ खाऊन किक मारतो, घामाघूम होतो. मग कारखान्यातून निवृत्त झालेला, अंगावर मांस नसलेला एखादा म्हातारा पुढे येतो, दोन क्षण काहीतरी चाचपतो, एकदाच पाय टाकतो आणि गाडी धडधडू लागते. बघणाऱ्यांना तो चमत्कार वाटतो. त्या दोन क्षणांत म्हातारा काय करत होता, हे पाहणे उद्बोधक आहे.

तो प्रथम गाडी न्यूट्रलमध्ये आहे याची खात्री करतो, कारण बुलेटची किक गिअरपेटीतून इंजिनाकडे जाते. थंडीत क्लचच्या चकत्या तेलाने एकमेकींना चिकटलेल्या असतात, म्हणून तो क्लच दाबून दोन-तीनदा किक हलकीच खाली नेतो आणि त्या सुट्या करतो. पेट्रोलचा कॉक उघडतो. हे सांगण्यासारखे वाटत नाही, परंतु अंगणातल्या निम्म्या नाट्यांचे मूळ बंद राहिलेल्या कॉकात असते. मग चावी फिरवतो आणि हेडलाइटच्या वरच्या भागात बसवलेल्या छोट्या अॅमीटरकडे पाहतो. काटा ऋण बाजूला झुकलेला असेल तर पॉइंट मिटलेले आहेत आणि बॅटरीतून प्रवाह वाहतो आहे. आता तो किक सावकाश, अगदी सावकाश दाबू लागतो. दट्ट्या वर चढतो, पायाखाली विरोध जाणवू लागतो, आणि एका जागी काटा टुणकन मध्यावर येतो. म्हणजे पॉइंट उघडले, म्हणजे दट्ट्या शिखराच्या अगदी जवळ आहे.

नवखा माणूस येथेच सगळे बळ लावतो आणि फसतो. म्हातारा थांबतो. डाव्या हाताशी क्लचखाली एक लहानसा लिव्हर आहे. तो ओढला की एक्झॉस्टची झडप किंचित उघडी राहते आणि कोंडलेला दाब सुस्कारा टाकून बाहेर पडतो. तो लिव्हर ओढून म्हातारा किक आणखी दोन बोटे खाली नेतो, लिव्हर सोडतो, किक पूर्ण वर येऊ देतो. आता दट्ट्या शिखर ओलांडून उताराला लागलेला आहे. पुढचा चढ येण्यापूर्वी त्याच्यासमोर जवळजवळ तीन मोकळ्या धावा आहेत. त्या तीन धावांत आतले जड चक्र वेग घेते आणि पुढचा चढ पायाने नव्हे, त्या चक्राच्या वेगाने पार होतो. सारे रहस्य एवढेच आहे. चढावर धक्का मारायचा नाही, उतारावर वेग घेऊन चढाला भिडायचे. भेडाघाटच्या रस्त्यावर सायकल चालवलेल्या मुलालाही हे तत्त्व ठाऊक असते.

किक मग एकदाच, पूर्ण, शेवटपर्यंत. मांडीच्या जोराने नव्हे, शरीराचे वजन सोडून. ॲक्सिलरेटरला हात नाही. शिवाय गुडघा ताठ ठेवायचा नाही, कारण बुलेट चुकीची शिक्षा ताबडतोब देते. ठिणगी दट्ट्या शिखरावर पोहोचण्याच्या थोडी आधी पडते, मिश्रण पेटायला वेळ लागतो म्हणून. चक्राला पुरेसा वेग असेल तर दट्ट्या तरीही शिखर ओलांडतो. अर्धवट मनाने मारलेल्या किकेत तेवढा वेग नसतो. स्फोट दट्ट्याला उलट्या दिशेने फेकतो आणि ती फेक किकेतून सरळ पोटरीत, घोट्यात, गुडघ्यात उतरते. ठिणगीची वेळ वेगानुसार पुढेमागे करणारी छोटी वजने गंजून अडकली असतील, तर हे वारंवार घडते. उलटी किक बसून आठवडाभर लंगडणारी माणसे या शहरात दुर्मिळ नव्हती, आणि त्यांतील बहुतेकांनी दोष वजनांना किंवा स्वतःच्या घाईला न देता गाडीच्या स्वभावाला दिला.

हे सगळे करूनही गाडी चालू झाली नाही तर? तेव्हा किक मारणे थांबवायचे. हा सल्ला सर्वांत सोपा आणि पाळायला सर्वांत कठीण आहे. प्लग काढून पाहायचा. वैद्य जीभ पाहतो तसा चांगला मिस्त्री प्लग पाहतो. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल आतपर्यंत येतच नाही. कॉक, नळी, कार्ब्युरेटरचे बारीक छिद्र यांत कुठेतरी कचरा आहे, किंवा टाकीच्या झाकणातले हवेचे भोक बुजले आहे. हा शेवटचा दोष मोठा फसवा. गाडी मैलभर नीट चालते, मग टाकीत हवा न शिरल्यामुळे पेट्रोल उतरणे थांबते आणि ती बंद पडते. माणूस वैतागून टाकीत पेट्रोल आहे का पाहायला झाकण उघडतो, हवा आत जाते, आणि गाडी एका किकेत चालू होते. तो म्हणतो, "लहर आहे बाईची!"

प्लग ओला असेल तर पेट्रोल येते आहे, ठिणगी पडत नाही. प्लग टोपीत बसवून इंजिनाच्या पंखांना टेकवायचा, किक मारायची आणि सावलीत पाहायचे. निळी, टणक ठिणगी हवी. पिवळसर, मरगळलेली असेल तर पॉइंटांकडे जायचे. पॉइंट म्हणजे दोन छोट्या धातूच्या टिकल्या. त्यांच्यातील फट मिलिमीटरच्या सुमारे चार दशांशांची असावी लागते. कंडेन्सर अशक्त झाला की त्या जळून काळ्या पडतात. पावसाळ्यात, जेव्हा जबलपुरात उशीसुद्धा दमट होते, तेव्हा त्यांच्यावर ओलाव्याची झिलई चढते. बारीक पॉलिश पेपर, कोरडे फडके आणि फीलर गेज एवढ्या सामग्रीने जो दोष दहा मिनिटांत निघतो, त्यासाठी गाडी दोन मैल ढकलत नेल्याची उदाहरणे घरोघरी आहेत.

आणि प्लग काळा, काजळी धरलेला व पेट्रोलने माखलेला असेल, तर दोष समोरच्या काकांचा आणि शेजारच्या काकांचा मिळून आहे. चोक हवा कमी करतो आणि मिश्रण दाट करतो. जानेवारीच्या पहाटे पेट्रोल नीट उडत नाही, म्हणून दाट मिश्रण हवे. मे महिन्याच्या दुपारी, किंवा इंजिन आधीच गरम असताना, तेच मिश्रण इंजिनाला बुडवते. दोन्ही काका आपापल्या ऋतूत बरोबर होते, पण सल्ला देताना ऋतू कुणी विचारला नाही. रॉबर्ट पर्सिग यांचे मोटरसायकल आणि तत्त्वज्ञान यांची सांगड घालणारे पुस्तक १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले आणि जगभर गाजले. त्यातही लेखकाच्या मित्राची महागडी गाडी अशाच कडक उन्हाच्या दिवशी चोक दिल्यामुळे अडून बसते आणि तो मित्र कारण ऐकून घ्यायलाच तयार नसतो. मिनेसोटा आणि मध्य प्रदेश यांच्यात बारा-तेरा हजार किलोमीटरचे अंतर असेल, या बाबतीत मात्र ते दोन प्रांत शेजारी आहेत.

दोन धावांच्या गाड्यांचे, म्हणजे जावा, येझ्दी आणि राजदूत यांचे, तंत्र निराळे. म्हैसूरच्या आयडियल जावाचे उत्पादन १९६१ मध्ये सुरू झाले आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. राजदूत एस्कॉर्ट्सची, तिचे मूळ पोलंडमधले. यांची किक हलकी, पण पेट्रोलातच तेल मिसळावे लागे, आणि ते मिसळणारा हात सैल असला की प्लगची दोन टोके काजळीच्या कणाने जोडली जात. 'प्लग शॉर्ट झाला' हे वाक्य त्या काळी मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तिन्हींत समान होते. जावाची एक गंमत सांगायलाच हवी. तिचा गिअरचा दांडाच आत ढकलून वर फिरवला की किक होत असे. पाहुण्याला गाडी चालवायला द्यावी आणि त्याला किक शोधत बसवावे, हा अनेक घरांतला निरुपद्रवी विनोद होता.

आता ज्या शहरात हे व्याख्यान होत आहे त्या शहराच्या एका अभिमानाच्या गोष्टीकडे वळणे क्रमप्राप्त आहे. जबलपूर ही लष्कराच्या सिग्नल कोअरची प्रशिक्षणभूमी. संदेश पोहोचवणे हे या दलाचे काम. तारा तुटतात, रेडिओ गप्प ठेवावा लागतो, तेव्हा कागद खिशात घालून मोटरसायकलवर निघणारा संदेशवाहक स्वार हाच शेवटचा दुवा असतो. त्याची गाडी पहिल्या किकेत चालू होणे ही सोयीची बाब राहत नाही. या परंपरेतूनच १९३५ साली मोटरसायकल-कसरतींचे पथक उभे राहिले, आणि 'डेअर डेव्हिल्स' या नावाने दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ते साऱ्या देशाने पाहिले. ५ जुलै २००१ रोजी जबलपूरच्या गौरीशंकर परेड मैदानावर या पथकाने १० मोटरसायकलींवर २०१ जवानांचा मनोरा रचून तो १२९ मीटर चालवत नेला.

वर्तमानपत्रांनी मनोऱ्याची उंची आणि जवानांचे धैर्य वर्णिले, ते योग्यच होते. पण ज्यांनी आयुष्यात एकदा तरी किक मारली आहे, त्यांचे लक्ष खालच्या दहा इंजिनांकडे जाईल. एका गाडीवर सरासरी वीस माणसे. एकाचे वजन साठ किलो धरले तरी प्रत्येक गाडीवर बाराशे किलो होतात. एवढा भार घेऊन दहा इंजिनांनी चालत्या माणसाच्या गतीने, एका लयीत, एकमेकांशी जखडल्यासारखे पुढे जायचे. त्यांतले एक जरी अडखळून बंद पडले तर मनोरा कोसळणार, आणि माणसे चढल्यावर किकेपर्यंत कुणाचा पाय पोहोचणे अशक्य. म्हणजे त्या १२९ मीटरची खरी तयारी मैदानावर येण्याआधी, कुणी पाहत नसताना, पॉइंटांच्या फटीत आणि कार्ब्युरेटरच्या छिद्रांत झालेली असणार. पावसाळ्याचे दिवस होते, हेही विसरता येत नाही.

येथे एका अवघड मुद्द्याला हात घालणे आवश्यक आहे. किक मारणे ही ताकदीची बाब आहे, असे या शहरातील घरांनी, आणि केवळ याच शहरातील नव्हे, दीर्घकाळ मानले. त्याचा परिणाम असा झाला की घरातली गाडी घरातल्या निम्म्या माणसांसाठी नव्हतीच. चार धावांचे इंजिन विज्ञानाच्या पुस्तकात मुलींनीही शिकले, त्याची आकृती त्यांनी मुलांपेक्षा नीटस काढली, परीक्षेत गुणही मिळवले. घरी आल्यावर त्याच इंजिनापाशी त्या उभ्या राहिल्या की सांगितले जाई, "तू बाजूला हो, तुला झेपायची नाही." जी गृहिणी दारात उभी राहून पहाटेचे नाट्य निमूटपणे पाहत होती, तिला कित्येकदा एव्हाना कळून चुकलेले असे की कालच्यासारखाच आजही कॉक बंद आहे. हातातला लिव्हर दाब सोडतो, चक्र स्वतः चढ पार करते, काटा योग्य जागा दाखवतो. यांपैकी कशालाही दंड लागत नाहीत. पंचेचाळीस किलोची व्यक्ती हा क्रम पाळून बुलेट चालू करू शकते आणि नव्वद किलोची व्यक्ती तो न पाळता पाय मोडून घेऊ शकते. ताकदीचा गैरसमज टिकला, कारण तो सोयीचा होता. ज्ञान वाटावे लागते, ताकदीचा बडेजाव एकट्याने मिरवता येतो.

म्हणूनच बटणाच्या आगमनाबद्दल गळा काढणाऱ्या जुन्या बुलेटवाल्यांशी सहमत होणे कठीण आहे. १९८४ साली याच मध्य प्रदेशातील पीथमपूरच्या कारखान्यातून, पुण्याच्या कायनेटिक आणि जपानच्या होंडा यांच्या भागीदारीतून, कायनेटिक होंडा ही स्कूटर बाहेर पडली. तिला गिअर नव्हते आणि ती बटण दाबून चालू होई. किती शिक्षिका, परिचारिका, बँकेतल्या आणि टपाल कचेरीतल्या नोकरदार स्त्रिया अशा गाड्यांवरून प्रथमच कुणाच्याही मागे न बसता कामावर गेल्या, याचा हिशेब किकेच्या रसिकांनी आधी मांडावा. ज्यांचा पाय अधू आहे, ज्यांचे गुडघे झिजले आहेत, त्यांच्यासाठीही ते बटण हीच मोकळीक होती. १९८५ च्या हिरो होंडा सीडी १०० ने तर पॉइंटच काढून टाकले. इलेक्ट्रॉनिक ठिणगी, शंभर घनसेंटीमीटरहून कमी इंजिन, आणि बोटभर जोराने लागणारी किक. पॉलिश पेपरचा धंदा तेव्हाच बसू लागला.

तरीही तोट्याच्या बाजूला काही आहेच. एप्रिल २०२० पासून नवे प्रदूषण-नियम लागू झाले आणि नव्या मोटरसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला; पेट्रोल आता संगणकाच्या आज्ञेने मोजून फवारले जाते. २०२१ च्या नव्या क्लासिकमधून रॉयल एनफील्डने किकही काढली. गाडी कमी धूर ओकते आणि पहाटे धुक्यातही चालू होते, हे निःसंशय चांगले. पण ती बंद पडली तर मीटरवर एक पिवळा दिवा लागतो आणि दिव्याचा अर्थ सांगणारे यंत्र दुकानात असते. कोरडा प्लग आणि ओला प्लग यांतून कारण शोधत जाणारी विचारसरणी ज्या वयात सहज अंगवळणी पडे, त्या वयाच्या मुलामुलींना आता तो प्लग दिसतही नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत एखादे जुने इंजिन उघडून ठेवले, तर ही उणीव थोडी भरून निघेल. भंगारात ते फार महाग पडू नये. आणि ते ठेवलेच, तर त्याची किक पहिल्यांदा मुलीने मारावी.

जाता जाता, राइट टाउन-नेपियर टाउनच्या जुन्या बंगल्यांत किंवा रांझीच्या क्वार्टरांमागे ताडपत्रीखाली एखादी बुलेट अजून उभी असेल, आणि या महोत्सवाने कुणाला तिची आठवण झाली असेल, तर त्यांच्यासाठी दोन शब्द. वर्षानुवर्षे टाकीत राहिलेले पेट्रोल काढून टाकावे. त्यातला उडणारा भाग केव्हाच गेलेला असतो आणि उरलेल्याचा डिंक होऊन छिद्रांत बसतो. कार्ब्युरेटरची वाटी उघडून धुवावी. उभ्या गाडीतले तेल हळूहळू पाझरून इंजिनाच्या तळाशी साचते, तेव्हा तेलाची पातळी कमी दिसली म्हणून वरून ओतण्याची घाई करू नये, आधी तळाचा बोल्ट सोडून पाहावे. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडावे आणि ते मुरायला रात्रभर वेळ द्यावा. सकाळी प्लग न लावताच, क्लच दाबून आणि मग न दाबता, किक हाताने खालीवर करावी. दट्ट्या मोकळा असेल तर सिलिंडरमधून श्वास सोडल्यासारखा आवाज येईल. पॉइंट पुसावेत, बॅटरी भरून आणावी, नवा प्लग लावावा. घरातल्या सर्वांना बाहेर बोलवावे. मग चावी फिरवावी आणि, पाय किकेवर ठेवण्याआधी, अॅमीटरचा काटा कुठे आहे ते पाहावे.